चारमिनारजवळ राहून गेलेलं भांडण

दादा,

तुझ्या माघारी घरात जो येतो तो टेकता टेकता एकच म्हणतो, लई चांगला माणूस गेला. मी ऐकून घेते. तू चांगला वगैरे अजिबात नव्हतास. तू तापट होतास, हट्टी होतास. कालवणात मीठ कमी पडलं तर ताट सरकवायचास. शेतात ढोर शिरलं तर आधी काठी उचलायचास आणि मग ढोर कुणाचं ते बघायचास. आणि तू गेलास असंही मी म्हणणार नाही. तुला मारलं. भावकीतल्या माणिकनं, ज्याला तू लहानपणी खांद्यावर बसवून जत्रेला नेलं होतंस, त्यानं भर दुपारी बांधावर पहार घालून मारलं.

पहिला घाव तू हातावर झेललास. हात मोडल्याचा आवाज वहिनीला सोयाबीनच्या गंजीपाशी ऐकू आला. दुसरा घाव डोक्यावर बसला. तरी तू लगेच पडला नाहीस म्हणे. त्याची गचांडी धरून उभा राहिलास आणि मग गुडघ्यावर आलास. त्याच्या सदऱ्याची दोन बटणं तुझ्या मुठीत होती. ती मूठ मी उघडली, तुला आंघोळ घालायच्या वेळी.

हे सगळं आता मला माहीत आहे. सुरुवातीला गाव वेगळंच सांगत होतं. पण मला आधी तुझ्याशी भांडायचंय. हैदराबादेत सुरू झालेलं भांडण तू अर्धवट टाकून गेलास. भाऊबीजेला मी तेवढ्यासाठी येणार होते, आणि तू दिवाळीच्या आधीच निघालास.

गेल्या संक्रांतीनंतर आपण तिघं गेलो होतो, तू, वहिनी आणि मी. उदगीरहून गाडी थेट जाते, आपल्याकडची माणसं दवाखान्यासाठी उठसूट जातात, आणि तू पन्नाशी उलटली तरी निजामाची ती राजधानी पाहिली नव्हतीस. मी नांदेडच्या शाळेत इतिहास शिकवते म्हणून वाटाड्याचं काम माझ्याकडे. तू नवी टोपी घातली होतीस. वहिनीनं दशम्या बांधून घेतल्या होत्या. गाडीत मी तुला काय काय बघायचं ते सांगत होते तर तू म्हणालास, "फिराय न्हाई निघालो मी. कुठं बसून त्यानं आमच्यावर राज्य केलं तेवढं बघून यायचंय."

बाबांच्या तोंडात हैदराबाद हे नाव दात खाल्ल्याशिवाय येत नसे. आपला आजा रझाकारीत मारला गेला, गावच्या वेशीतल्या हुतात्म्यांच्या दगडावर त्याचं नाव कोरलंय, आणि दर मुक्तिदिनाला त्या दगडाला पहिला हार घालायचा मान तुझा. त्या दिवशी तू फेटा बांधायचास. तलाठी, सरपंच, शाळेचे मास्तर, सगळे तुझ्या मागे उभे राहायचे. बाकी वर्षभर तुला कोण विचारत होतं? म्हणून त्या दगडाचा तुला केवढा अभिमान होता हे मला ठाऊक होतं. आणि त्याच राज्याची बोली तुझ्या जिभेवर होती हेही मला दिसायचं. भडकलास की तू दख्खनीतच शिव्या द्यायचास, मराठीत शिवी लागत नाही म्हणायचास.

निजामाच्या चौमहल्ला राजवाड्यातल्या दरबारात तू पाऊल टाकलंस आणि थबकलास. मीही थबकले, खोटं कशाला बोलू. चुन्याच्या नक्षीच्या त्या कमानी, सगळी इराणी धाटणी, मधोमध संगमरवरी ओटा, आणि डोक्यावर विलायतेहून आणलेली काचेची झुंबरं, एकापुढे एक. बाहेर कारंजी, त्यापलीकडे घड्याळाचा मनोरा, एका दालनात बग्ग्या आणि जुन्या मोटारी. मी शाळेत बोलते तशी बोलू लागले की इथे पूर्व आणि पश्चिम कशी एका छताखाली नांदली, राजा नमाजाला बसायचा तसा टेबल-खुर्चीवर जेवायलाही बसायचा. तू मान वर करून झुंबरांकडे बघत होतास.

"आमच्या ज्वारीवर टांगलीत ही," तू म्हणालास.

मग तू दोर ओलांडलास आणि त्या ओट्यावर हात ठेवलास. शिपायानं शिटी फुंकली. तू हात काढला नाहीस. तो धावत आला, त्यानं तुझा दंड धरला, आणि तू त्याला असा हिसडा दिलास की बिचारा खांबावर जाऊन आपटला. "हमारे बाप-दादे का पैसा है इसमें," तू ओरडलास, "हात लगाएगा मैं." आणखी दोघे आले. वहिनी पदर तोंडाशी धरून उभी, आणि मी शिक्षिका असल्याचं सांगत हात जोडतेय. त्यांनी सोडलं आपल्याला. बाहेर आल्यावर तू चक्क हसलास. तुझ्या हाताला धूळ लागली होती, ती तू धोतराला पुसलीस आणि म्हणालास, "थंडगार हाय बरं का. बसायला बरं वाटत आसंल."

मला तुझं ते हसू आवडलं होतं. ते सांगायचं राहिलं.

कोठी भागात इंग्रजांच्या रेसिडेन्सीसमोर नेलं तेव्हा तू त्या उंच गोऱ्या खांबांकडे आणि पायऱ्यांवरच्या सिंहांकडे बघून विचारलंस, "ह्ये बी हितंच व्हते?" मी म्हटलं, इंग्रजांचा वकील इथे राहायचा, निजामावर नजर ठेवायला. तू म्हणालास, "म्हंजी खाणारी तोंडं दोन." एवढं मोठं प्रकरण मी वर्गात दोन तासिका शिकवते.

नदीकाठच्या म्युझियममध्ये त्या प्रसिद्ध घड्याळापुढे माणसं दाटीवाटीनं बसली होती. तास भरला की आतला बाहुला बाहेर येऊन टोले देतो, ते बघायला. वहिनी पुढे जाऊन बसली, पहिल्यांदाच त्या दिवशी तिचा चेहरा खुलला. तू मात्र शस्त्रांच्या दालनातून हलेनास. तलवारी, खंजीर, फरशा, मुठींवर सोन्याचं काम. प्रत्येक काचेपाशी तू वाकून बघत होतास. मग मला हाक मारलीस.

"बाई, आज्याला मारलं ती ह्यातली कंची आसंल?"

मी तुला दंडाला धरून घड्याळाकडे ओढलं. आजा तलवारीनं मेला नव्हता, हे मला त्याआधी वर्षभर ठाऊक होतं.

चारमिनारजवळच्या इराणी हॉटेलात आपण चहाला बसलो. पाय दुखत होते, गर्दी होती, एका टेबलावर कोण कोण बसलेलं. आपल्यासमोर एक म्हातारा मुसलमान बिस्कीट चहात बुडवून खात होता. त्यानं सहज विचारलं, "कहाँ से आए पटेल?" तू गाव सांगितलंस. आणि पुढे, त्यानं न विचारता म्हणालास, "तुमारे लोगाँ ने मेरे दादा को काटा."

म्हाताऱ्यानं बशी खाली ठेवली. बिस्कीट चहात विरघळून गेलं. तू त्याच्या तोंडावर नजर रोखून बसलास, जसा काही तोच हातात तलवार घेऊन आपल्या शिवारात आला होता. ते मला बघवलं नाही. मला राग आला, दादा, आणि माझा राग तुझ्यापेक्षा कमी नाही, एकाच आईचं दूध प्यायलोय.

"त्याच्याकडं कामून बघतोस?" मी म्हटलं. "आजा रझाकारानं न्हाई मारला. भावकीनं मारला. बांधावर. कुऱ्हाडीनं."

आणि मी सगळं सांगितलं. आत्यानं मुदखेडला अंथरुणाला खिळलेली असताना मला सांगितलं होतं ते. ती तेव्हा परकर नेसायच्या वयाची, भाकरी घेऊन शेतात गेलेली. माणिकच्या आज्यानं कुऱ्हाड घातली ती तिच्या डोळ्यांदेखत. त्या दिवसांत आजूबाजूची गावं जळत होती, एक मुडदा जास्त झाला तर विचारणार कोण. दिवस मावळायच्या आत भावकी जमली आणि ठरलं, रझाकार आले होते. मारणाऱ्यानं स्वतः डोकं भादरलं. भावकीच ती, सुतक त्यालाही लागलं. त्यानं दहा दिवस ते पाळलं आणि दहाव्याला पिंडाला हात जोडले. आत्याच्या तोंडावर तिच्या आईनं हात ठेवला तो ती म्हातारी होईपर्यंत निघाला नाही.

रझाकारांनी माणसं मारली नाहीत असं मी म्हणत नव्हते. मारली. पोलीस ॲक्शननंतर दुसऱ्या बाजूचीही मारली गेली. आपल्या भागातल्या विहिरींनी दोन्ही गिळलेत. पण आपला आजा त्यात नव्हता.

तू उठलास आणि माझ्या कानाखाली वाजवलीस. बशी खाली पडून फुटली. माझ्या कानात नुसता घूं आवाज. वहिनी मधे आली तर तिलाही ढकललंस. तो म्हातारा उभा राहिला, तुझ्या निम्म्या अंगाचा माणूस, आणि तुझं मनगट धरून म्हणाला, "बहन पे हात नक्को उठाओ पटेल. नक्को." तू त्याला झिडकारलंस आणि मग हॉटेल उठलं. कुणी गचांडी धरली, कुणी पाठीत घातली, तुझी नवी टोपी पायाखाली गेली. ओठ फुटला तुझा. आणि ज्या मला तू मारलं होतंस ती मी, त्या गर्दीत घुसून ओरडत होते, हात लावू नका त्याला, माझा भाऊ आहे. मी एकाला चावलेसुद्धा. म्हाताऱ्यानंच सगळ्यांना मागे लोटलं आणि आपल्याला रिक्षात बसवून दिलं.

मी उदगीरला शिकायला होते तेव्हा स्टँडवर एक टवाळ रोज माझ्या मागे लागायचा. तू गावाहून सायकलीवर आलास आणि भर स्टँडात त्याचा दात पाडलास. घरी बाबांना म्हणालास, "पोरगी शिकणार. आडवा येईल त्याचा दुसरा दात बी पाडतो." त्या एका दातावर मी शिकले, नोकरीला लागले, नांदेडला घर केलं. तुझा हात माझ्यासाठी उठला आणि माझ्यावरही उठला, हात तोच. आपल्या घरात बोलणं संपलं की हात सुरू होतो. मी कितीही पुस्तकं वाचली तरी ते माझ्यातूनही गेलेलं नाही.

परतीच्या गाडीत तू तोंडाला उपरणं लावून बसलास. उदगीरला उतरल्यावर एवढंच बोललास, "आत्याचं डोकं फिरलं व्हतं शेवटाला."

मी म्हटलं, "फिरलं म्हणूनच खरं बोलली."

तू माझी पिशवी उचललीस, नांदेडच्या बसमध्ये वरच्या फळीवर ठेवलीस आणि वळून न बघता गेलास. ते आपलं शेवटचं. राखी मी पोस्टानं पाठवली. तू फोन केला नाहीस. मीही केला नाही, कानाखाली मी खाल्ली होती, आधी फोन मी का करू?

आता भावकी म्हणते, मास्तरीणबाईनं हैदराबादेत त्याचं डोकं भडकवलं, म्हणून तो बांधावर आडवा उभा राहिला. मी हे मान्य करत नाही. माणिक दर नांगरटीला तो बांध कोरत होता, तुमची बाचाबाची मी नांदेडला बसून ऐकत आलेय. खरं सांगितलं म्हणून माणूस मरत नाही. पहार घातली म्हणून मेला. मी माफी मागणार नाही, तुझीही नाही.

मात्र वहिनीनं मला एक सांगितलं. यंदा मुक्तिदिनाला तू फेटा काढलास, झटकलास आणि परत पेटीत ठेवलास. पाय दुखतो म्हणून घरीच बसलास. हार सरपंचानं घातला. संध्याकाळी तू वहिनीला विचारलंस, "आत्यानं खरंच बघितलं आसंल का गं?" ती म्हणाली, तुमच्या बहिणीला विचारा. तू म्हणालास, "दिवाळीला येईलच की ती."

हे ऐकल्यापासून मला तुझ्यावर इतका संताप येतो, दादा. फोन उचलायला काय झालं होतं? मी म्हटलं असतं, हो रे, बघितलं. आपण दोघं रडलो असतो, किंवा पुन्हा भांडलो असतो. दोन्ही चाललं असतं.

तू पडलास त्या संध्याकाळी मी पोहोचायच्या आत भावकी जमली होती. ठरलंही होतं. घसरला, दगडावर डोकं आपटलं. पोलीस आले, त्यांना तेच सांगितलं, त्यांनी तेच लिहून घेतलं. वहिनी भिंतीला टेकून बसली होती, पापणी न हलवता. कुणी काही विचारलं की मान खाली. मी चौथ्या-पाचव्या दिवशी तिच्या शेजारी अंग टाकलं तेव्हा ती छताकडे बघत बोलली. पहार, हात, बटणं, सगळं. आणि म्हणाली, "बाई, तुम्ही कुणाला सांगू नगा. ह्याच गल्लीत ऱ्हायचंय मला."

भावकीतला थोरला म्हातारा तिला रोज समजवायला यायचा. माणिक बांध सोडून देईल, तुझ्या किशोरच्या लग्नाचं बघंल, घरातलं घरात ऱ्हाऊ दे. किशोर तुझाच मुलगा, लातूरला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कमावता झालेला, पण डोळ्यांत तुझंच रक्त. त्याला आईनं काही सांगितलं नव्हतं. त्यानं बापाचा मोडलेला हात पाहिला होता. घसरून पडणाऱ्याचा हात असा मोडत नाही एवढं त्याला कळत होतं.

दहाव्याला तळ्याकाठी सगळी भावकी रांगेत डोकं भादरायला बसली. माणिक त्या रांगेत होता. त्यानंही सुतक पाळलं होतं, फोडणी नाही, देवपूजा नाही, तुझ्यासाठी. न्हाव्यानं त्याचं डोकं ओलं केलं तेव्हा त्यानं डोळे मिटले. मी समोरून बघत होते. मी झाडाआड जाऊन ओकले.

परत आले तोवर किशोरच्या हातात न्हाव्याचा वस्तरा होता. कसा घेतला, केव्हा घेतला, कुणालाच कळलं नाही. तो माणिकच्या मागे उभा, माणिकची मान वाकलेली, भादरलेली, उघडी. मी धावले. वस्तऱ्याचं पातं धरलं, दुसरं काही धरायला वेळ नव्हता. माझा तळवा फाटला, रक्त माणिकच्या टकलावर पडलं आणि तो किंचाळला, त्याला वाटलं आपलंच. मी डाव्या हातानं किशोरच्या अशी मुस्काटात दिली की तो चिखलात बसला. तिथेच तो तुझ्यासारखा हमसून रडायला लागला. भावकीतले म्हातारे म्हणाले, झालं गेलं, पोरगं हाय, मिटवा आता. पिंड मांडा.

मिटवा. तुला मारलं ते मिटवा, आणि किशोरनं मारलं असतं तर तेही मिटवलं असतं कुणावर तरी ढकलून. मी त्या म्हाताऱ्यांना जे बोलले ते शाळेतल्या बाईला शोभणारं नव्हतं. दख्खनीत बोलले. शिवी लागली.

वहिनी हे सगळं लांबून बघत होती. पोराच्या हातातला वस्तरा तिनं पाहिला होता. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पायात चपला घातल्या आणि मला म्हणाली, "चला, उदगीरला." थोरला म्हातारा दारात आडवा आला. "तेरावा व्हायच्या आधी बाई चौकीला जाते व्हय?" तिनं त्याच्याकडे बघितलं आणि बाजूनं वाट काढली. किशोर आमच्या मागे आला. मी त्याला आमच्या मधे चालवलं.

ठाण्यात एक हवालदार लिहायला बसला. त्यानं पहिलंच विचारलं, "मयताचं पूर्ण नाव?"

वहिनीनं टेबलाची कड धरली. लग्नाला तीस वर्षं उलटली, तिनं तुझं नाव कधी घेतलं नव्हतं. 'किशोरचे बाबा', नाहीतर 'आमचे हे', नाहीतर नुसतं 'अहो'. गावातली कुठली बाई घेते? तिचे ओठ हलत होते आणि आवाज निघत नव्हता. मी सांगायला तोंड उघडलं. तिनं माझा पट्टी बांधलेला हात टेबलावर दाबून धरला, दुखेल इतका.

"व्यंकट नामदेव," ती म्हणाली.

हवालदाराला ऐकू आलं नाही. त्यानं मान वर केली.

"व्यंकट नामदेव," ती मोठ्यानं म्हणाली. बाहेर बाकावर बसलेली माणसं वळून बघायला लागली.

"कसे मेले?"

"मेले न्हाईत. मारलं. मी बघितलं."

"कुणी?"

तिनं नाव सांगितलं. नात्यानं कोण, असं विचारल्यावर म्हणाली, दीर. हवालदारानं लिहून घेतलं. दादा, तुझं नाव घेताना तिचा आवाज थरथरत होता. माणिकचं घेताना अजिबात थरथरला नाही.